भवानी पेठेतला काटा ताशकंदला जातो

मी एक जुना तानकाटा आहे. तुमच्या शास्त्राच्या पुस्तकात माझं चित्र असतं बघा. वर एक कडी, मध्ये गोल पितळी तबकडी, खाली आकडा आणि पोटात स्प्रिंग. पुस्तकातलं चित्र गप्प बसतं आणि मी बसत नाही, एवढाच काय तो फरक.

सध्या मी एका पाचव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलो आहे आणि खिडकीबाहेर बर्फ पडतंय. जन्म गेला सोलापुरात आणि खिडकीबाहेर बर्फ! तुम्ही म्हणाल, म्हातारा फेकतोय. मित्रांनो, वाढवून सांगायची मला खोड होती, हे मी नाकारत नाही. पण बर्फ खरं आहे. गाव ताशकंद, देश उझबेकिस्तान. इथवर कसा आलो, तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, हे मला ठाऊक नाही. तबकडीवरचं नाव केव्हाच पुसलं गेलं. त्यामुळे फार सोय झाली. कुणी विचारलं की मी कधी सांगतो, मला तोफेच्या लोखंडातून ओतलं. कधी सांगतो, आगगाडीच्या रुळातून. मला कळायला लागलं तेव्हा मात्र मी सोलापूरच्या भवानी पेठेत एका सुताच्या गोदामात तुळईला लटकत होतो. सुताच्या गठड्या यायच्या, माझ्या आकड्याला लागायच्या आणि तिथून मागांवर जायच्या. वजन करायला सिद्राम नावाचा एक तरणा माणूस होता. तो आकडा बघून अशी आरोळी द्यायचा की पलीकडच्या गल्लीतले माग क्षणभर थांबायचे.

एका मे महिन्यात गोदामाच्या पत्र्याला भोक पडलं आणि उन्हाचा एक कवडसा थेट माझ्या आकड्यावर येऊन बसला. काटा सरकला! सोलापूरचं ऊन साडेतीन किलो भरलं. दुसऱ्या खेपेला मालकांच्या दुपारच्या घोरण्याचं वजन केलं. आकडा नाही सांगत, ते आता हयात नाहीत. विश्वास ठेवा अगर ठेवू नका. पण त्या दिवसांत माझी पत फार मोठी होती. मालक गिऱ्हाइकाला म्हणायचे, "काटा बघा आन् निवांत झोपा."

पुढे विजेवर चालणारा सपाट काटा आला. त्याच्यावर लाल आकडे उमटायचे. मला माळ्यावर टाकलं. पारव्यांनी माझ्या तबकडीवर काय काय केलं, ते तुमच्यासारख्या मुलांसमोर सांगण्यासारखं नाही. मग पेठेतले माग एकेक करून थांबले आणि गोदामही बंद झालं. मालक म्हणाले, ज्याला जे न्यायचं ते न्या. कुणी कपाट नेलं, कुणी पंखा नेला. सिद्राम माळ्यावर चढला आणि मला घेऊन घरी आला.

त्याची बायको मीनाबाई शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला होती. तिने मला बघितलं आणि कपाळावर हात मारला. "लोकं गोदामातनं कपाटं आणत्यात. आन् आमच्या ह्यांनी काय आणलं? तर आकडा!"

"अगं, काटा हाय त्यो."

"व्हय, आता रोज सकाळी मलाच टांगा त्याला. किती झिजले ते तरी कळंल."

पण महिन्याभरातच साऱ्या गल्लीचा मी लाडका झालो. रद्दी असो, भोपळा असो, गॅसची टाकी असो, सगळे सिद्रामच्या दारात यायचे. एकदा मीनाबाईच्या साडीची झोळी करून तिची तान्ही लेकही माझ्या आकड्याला लावली होती. धम्मप्रिया तिचं नाव. सुताच्या एका लहान गठडीएवढी होती, आणि सुतापेक्षा हलकी. तिला टांगल्यावर मी श्वाससुद्धा घेतला नाही, हो.

तिचा थोरला भाऊ दिपक मात्र वांड. आईबाप कामावर गेलेले बघून त्याने माझ्या आकड्याला दोन्ही हातांनी लटकून झोका घेतला. एकदा नाही, दुपारभर. माझी स्प्रिंग ताणली ती ताणलीच. त्या दिवसापासून आकड्याला काहीही नसलं तरी माझा काटा एक किलो दाखवायचा. पेठेत भीमाशंकर नावाचा काटे दुरुस्त करणारा होता, त्याच्याकडे न्यायला सगळ्यांनी सांगितलं. सिद्राम म्हणाला, "लेकराचा झोका हाय त्यो. ऱ्हाऊ दे."

मग गल्लीत एक रीतच पडली. काहीही जोखलं की बघणारा म्हणायचा, "किलोभर त्याचा," आणि तेवढा वजा धरायचा. लहान मुलं वजाबाकी शिकायची ती माझ्यावरच. मला काय, मजाच होती. सगळ्यांना माहीत असलेलं खोटं हे खोटं राहत नाही, मित्रांनो. त्याची गोष्ट होते. मी सांगायचो वाढवून, ते ऐकायचे कमी करून, आणि व्यवहार बरोबर व्हायचा.

वर्षं गेली. दिपकने सात रस्ता चौकात झेरॉक्सचं आणि तिकीट बुकिंगचं दुकान टाकलं. धम्मप्रिया डॉक्टरकीचं शिकायला ताशकंदला गेली. दर रविवारी फोनवर तिचं तोंड दिसायचं. घरातले सगळे त्या चौकोनात डोकी खुपसून विचारायचे, "कशी हायस?" ती म्हणायची, "मजेत." मध्ये दोन महिने तिच्या फोनचा कॅमेरा बिघडला, तेव्हा नुसता आवाज यायचा. तो आवाजही म्हणायचा, "मजेत."

मी दारातून ऐकत असायचो. माझ्या बोलण्यातून किलोभर वजा करायला ही माणसं कधी विसरली नाहीत. पोरीच्या "मजेत"मधून मात्र कुणी रतीभरही काढलं नाही.

नाही म्हणायला सिद्राम हल्ली फोन ठेवल्यावर तबकडी पुसायच्या निमित्ताने माझ्याजवळ उभा राहायचा आणि एकाच जागी पुसत बसायचा. एका रविवारी तो दिपकला म्हणाला, "तिकडं जायाचं काय करावं लागतं?"

झालं! दिपकने लॅपटॉप आणला आणि स्टुलावर बसून उघडला. "मुंबईहून थेट विमान आहे. व्हिसा घरबसल्या निघतो. फेब्रुवारीत तिकीट स्वस्त दिसतंय. सोलापूरहून मुंबईला जायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या आत तुम्ही मुंबईहून ताशकंदला पोचाल."

"मदी कुटं थांबतंय का?" मीनाबाईने विचारलं. "च्या प्यायला?"

"आई, विमान आहे ते. एस्टी नव्हे, भिगवणला थांबायला."

"तुझ्या आईला खिडकीची जागा घे," सिद्राम म्हणाला. "मला दाराजवळची."

"दाराजवळची कशाला?"

"उतरायला बरं पडतं."

मुलगा हसून स्टुलावरून पडायचा राहिला. मग तिथल्या बघण्यासारख्या जागांची चित्रं निघाली. जमिनीखालून धावणारी रेल्वे निघाली, निळ्या घुमटाचा बाजार निघाला. एका चित्रापाशी मीनाबाईने दिपकचा हात धरला. संग्रहालयातली दगडी बुद्धमूर्ती होती ती, तिथल्याच दक्षिणेकडच्या तेरमेझ गावाजवळ मातीत सापडलेली. "एवढ्या लांब पोचलं हुतं व्हय आपलं बुद्ध?" ती म्हणाली. "मग आपल्याला जायाला काय झालं?"

बेत ठरला आणि धम्मप्रियाला फोन लावला.

"आत्ता नका येऊ बाबा," ती घाईघाईने म्हणाली. "थंडी लई आहे. तुमचे गुडघे धरतील."

"गुडघं हितं ठिवून येतो."

ती हसली. पण जरा उशिरा हसली. फोन बंद झाल्यावर सिद्राम बराच वेळ त्या काळ्या चौकोनाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आईबाप येतो म्हणत्यात आन् पोरगी नगं म्हणती. काढ तिकीट. ती खरंच मजेत हाय का न्हाई, एवढंच मला डोळ्यांनी बघायचंय. बाकी बाजार न्हाई बघितला तरी चालंल."

परतीच्या बॅगेचं वजन करायला एक छोटा डिजिटल काटा घ्या, असं दिपकने सुचवलं. मुठीत मावतो म्हणाला. सिद्रामला तो अपमान वाटला. "मुठीत मावतंय त्याला काटा म्हणत्यात व्हय? आपला हाय की."

"तो किलोभर थापा मारतो बाबा."

सिद्रामने माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी घरात कुणाला न सांगता त्याने मला टॉवेलात गुंडाळलं आणि भीमाशंकरकडे नेलं.

भीमाशंकर आता पार म्हातारा झाला होता. डोळ्याला भिंग लावून त्याने मला उलटंपालटं केलं. "काय रे सिद्राम, एवढी वर्षं ह्याला थापा मारू दिलास. आता काय कोर्टात साक्षीला उभा करतोस का?"

"पोरीकडं न्यायचाय."

"मग तर राहू दे की तसाच. पोरींना बापाच्या थापा आवडतात."

"बापाला पोरीच्या आवडत न्हाईत अण्णा," सिद्राम म्हणाला.

भीमाशंकरने भिंगातून एकदा त्याच्याकडे बघितलं. "आयतु," म्हणजे झालं तर मग, एवढंच तो कानडीत पुटपुटला आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला. मला शुद्धीवर ठेवूनच ऑपरेशन झालं. पोटातला गंज निघाला, तेल पडलं, स्प्रिंग बदलली. शेवटी त्याने मला रिकामाच उचलून धरला, आणि काटा सरळ शून्यावर जाऊन उभा राहिला. खरं सांगू? इतक्या वर्षांनी शून्यावर उभं राहताना मला अंगात सदरा नसल्यासारखं वाटलं.

निघायच्या दिवशी घरात निम्मी गल्ली जमली. शेजारची नागव्वा कडक भाकऱ्यांची चळत घेऊन आली. "हे कधी खराब होत नाही बघ. तिकडं पाहुण्यांना दे, दात असतील तर." शेंगाचटणी आली, चादर आली, टॉवेल आले. परदेशात जायचं म्हणून सिद्राम कटिंग करून घ्यायला गेला होता. परत आल्यावर सगळ्यांसमोर मला टांगायचं आणि माझा शून्य दाखवून मान ताठ करायची, असा त्याचा बेत होता. पण इकडे बॅग भरून झाली आणि कुणाला दम निघाला नाही. तिकीट स्वस्तातलं, त्यामुळे दोघांत मिळून मोठी बॅग एकच, तीही तेवीस किलोंची. दिपकने ती माझ्या आकड्याला लावली.

"किती?" मीनाबाईने आतून विचारलं.

"चोवीस."

"किलोभर त्याचा. म्हंजी बरोबर तेवीस. बांध दोरी."

मित्रांनो, मी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा खरं बोलत होतो! चोवीस म्हणजे चोवीसच! मी काटा थरथरवला, स्प्रिंग कुरकुरवली. दिपक म्हणाला, "म्हातारा दमला," आणि मला खाली उतरवलं. आयुष्यभर थापा मारल्या तेव्हा ह्या माणसांनी मला सांभाळून घेतलं. खरं बोललो त्या दिवशी कुणी ऐकेना.

सिद्राम आला तेव्हा बॅगेला नायलॉनची दोरी बसली होती. "वजन बरोबर हाय नव्हं?" त्याने विचारलं. "बरोबर हाय," उत्तर आलं. काट्यावर बघून म्हणतायत म्हणजे बरोबरच असणार. आपली मिरवणूक हुकली म्हणून तो जरासा हिरमुसला, गुपचूप मला बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात सारलं आणि वर चेन ओढली.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने बॅग पट्ट्यावर घेतली. "काका, पंचवीस भरतंय. तेवीसच चालतं."

"ताई, तुमचा काटा बिघडलाय," सिद्राम मोठ्या समजुतीने म्हणाला. "दुरुस्त करून घ्या."

"तर! आमी किलोभर वजा धरून जोखलंय," मीनाबाई म्हणाली.

सिद्राम हळूहळू तिच्याकडे वळला. "वजा धरलं?"

"मग? दर टायमाला धरत न्हाई व्हय?"

"अगं, मी दुरुस्त करून आणलाय त्याला!"

"कवा?"

"मंगळवारी."

"मग सांगायचं न्हाई व्हय तोंडानं?"

"सांगणारच हुतो. कटिंग करून आल्यावर."

मागची रांग हसायला लागली. "आन् वरचा एक किलो कुटला?" असं म्हणत मीनाबाईने बाहेरचा कप्पा उघडला, तर आत मी. सगळ्या जगाचं वजन करणाऱ्याने स्वतःचं कधी केलंय? ती म्हणाली, "ह्यो लोखंडाचा गोळा काढा आदी. टाका कुटंतरी."

"काटा ऱ्हाईल. भाकरी काढ."

"पोरीसाठी नेतोय की भाकरी!"

"पोरीसाठीच काटाबी नेतोय," सिद्राम म्हणाला. त्याच्या आवाजावरून मीनाबाईने काट्याचा नाद सोडला.

हातातली पिशवी काठोकाठ भरलेली. मग दोघांनी एका खांबाशेजारी बसकण मारली, दोरी सोडली आणि दोन किलो जिन्नस वेगळे काढले. टाकून द्यायचं तर जीव होईना. मीनाबाईने टॉवेल अंथरला, भाकरी मोडली, चटणीचा डबा उघडला आणि समोरून जाणाऱ्याला हाक मारली. "या, खावा. भरलं तर विमान उडत न्हाई म्हणत्यात." सुट्टीवरून ताशकंदला परतणारी शिकाऊ डॉक्टरांची टोळी तिथेच होती. ती पोरं चटणीच्या वासाने गोळा झाली. रुमाल बांधलेल्या एका उझबेक आजींनी कडक भाकरी टेबलावर ठोकतात तशी बॅगेवर ठोकून बघितली, मग तुकडा मोडून तोंडात घातला आणि मान डोलावत दुसरा मागितला.

एका मुलीने चटणी चाखली आणि तिचे डोळे चमकले. "काकू, सोलापूरची ना? मी उत्कर्षा. जेऊरची. ही चटणी मी ओळखते, धम्मप्रियादीदी आम्हाला द्यायच्या."

"आमचीच की ती!" मीनाबाईने तिच्या हातावर आणखी चटणी ठेवली.

"हो? दीदींचे आईबाबा तुम्ही?" ती वाकून पाया पडली. "मग दीदी आता बऱ्या आहेत ना? हॉस्पिटलमधून आल्या तेव्हा फार खंगल्या होत्या. मी सुट्टीला निघाले तोवर जिनासुद्धा चढता येत नव्हता त्यांना."

मीनाबाईचा हात डब्यातच राहिला.

सिद्राम मात्र जराही हलला नाही. "हां," तो म्हणाला. "आता हाय की बरी."

"कावीळ वाईटच. त्यात परीक्षा बुडाली, वर्ष गेलं. दीदी रोज रडायच्या." बोलता बोलता तिला मीनाबाईचा चेहरा दिसला. ती थांबली. "काका... तुम्हाला माहीत होतं ना?"

"माहीत हुतं की," सिद्राम म्हणाला. "तू खा पोरी."

मी उघड्या कप्प्यातून बघत होतो. थापा ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही. इतकी जड थाप मी त्या माणसाच्या तोंडून कधी ऐकली नव्हती, आणि ती त्याने त्या पोरीला वाईट वाटू नये म्हणून उचलली होती.

मी विमानाच्या पोटात, सामानात होतो. खूप उंचावर गेलं की वजन किंचित कमी भरतं, हे शास्त्राच्या बाईंना विचारा. तिथे माझा काटा शून्याच्याही खाली गेला आणि शेजारच्या सूटकेसा छताला चिकटल्या, हे मात्र बाईंना विचारू नका. वर माणसांत काय झालं ते मला नंतर कळलं. मीनाबाई खिडकीशी बसून अख्खा रस्ता रडली. सिद्रामने तिला एकच गोष्ट पटवली: आपण होऊन विचारायचं नाही. "कोंडीत धरली तर पुन्हा मजेत म्हणंल. तिची ती सांगू दे."

"आन् न्हाई सांगितलं तर?"

"तर आपण कसलं आईबाप?"

ताशकंदच्या विमानतळावर धम्मप्रिया धावत आली. अंगात हा एवढा कोट, गळ्याला मफलर, तोंडभर हसू. मीनाबाईने मिठी मारली आणि कोटाच्या आत लेक शोधायला तिला हात बरेच आत न्यावे लागले. "कशी हायस?" सिद्रामने विचारलं.

"मजेत!"

पुढचे दिवस तिने दोघांना गावभर फिरवलं. जमिनीखालच्या स्टेशनात झुंबरं बघून मीनाबाई म्हणाली, "हितं लगीन लावायला पायजे कुणाचं तरी." बाजारातल्या नक्षीच्या गोल रोट्या बघून सिद्राम म्हणाला, "भाकरीला ठसा मारत्यात बघ, कुणी चोरू न्हाई म्हणून." संग्रहालयात त्या बुद्धमूर्तीपुढे तिघंही हात जोडून उभी राहिली. मीनाबाईने तिथे काय मागितलं ते मी सांगायला नको. आणि ह्या सगळ्यात धम्मप्रिया बोलत होती, बोलत होती. अभ्यास छान चाललाय, परीक्षा सोपी गेली, मेसचं जेवण झकास. जिना चढताना मात्र ती मध्येच थांबून बूट नीट करायची. प्रत्येक मजल्यावर.

रोज संध्याकाळी खोलीवर आल्यावर मीनाबाई ओठ दाताखाली धरून भांडी घासायची. सिद्राम नुसता बसून राहायचा. परतीचा आदला दिवस उजाडला, आणि पोरगी अजून मजेतच होती.

त्या दुपारी स्वयंपाकघरात परतीची बॅग भरली. जर्दाळू, अक्रोड, नागव्वासाठी एक रुमाल. धम्मप्रियाने मला दाराच्या वरच्या आकड्याला लावलं आणि मला बॅग. काटा तेवीसवर थांबला.

"किलोभर त्याचा," ती हसत म्हणाली. "म्हणजे बावीसच. आई, अजून किलोभर अक्रोड बसतात बघ."

"वजा धरू नगंस," सिद्राम म्हणाला. "दुरुस्त करून आणलाय."

"ह्याला? एवढ्या वर्षांनी? कशाला?"

"खरं किती हाय ते कळावं म्हणून."

सिद्राम जमिनीकडे बघत होता, लेकीकडे नाही. धम्मप्रियाने बॅग सोडवायला हात वर केला. कोट नव्हता आता अंगात. बाहीतून मनगट बाहेर आलं, आणि ते मनगट मी बघितलं, आईने बघितलं. तिचा हात तसाच वर राहिला.

"तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली.

सिद्रामने पुढे होऊन बॅग उतरवून घेतली.

"कधीपासून?"

"मुंबईपासनं," मीनाबाई म्हणाली, आणि तिचा बांध फुटला. "कॅमेरा बिघडलाय म्हणलीस गं! डोळं पिवळं झालं हुतं म्हणून दाखवत नव्हतीस व्हय? हितं एकटी पडून हुतीस आन् मी तितं शाळंच्या चड्ड्या शिवत बसले!"

धम्मप्रिया खाली बसली. मग सगळं आलं. कावीळ, हॉस्पिटलातली रात्रंदिवस परकी भाषा, बुडालेली परीक्षा, पुन्हा करावं लागणारं वर्ष. "गल्लीत सगळ्यांना तुम्ही सांगितलंय पोरगी डॉक्टर होणार. मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"चल घरी," मीनाबाईने तिचं डोकं छातीशी धरलं. "आमाला डॉक्टर नगं. पोरगी पायजे."

धम्मप्रियाने बाहीने डोळे पुसले. सिद्राम तिच्यासमोर उकिडवा बसला. "आईला बरं वाटावं म्हणून बोलू नगंस. मला बरं वाटावं म्हणूनबी नगं. तुला यायचंय का?"

"रोज वाटतं यावं," ती म्हणाली. "पण यायचं नाही बाबा. मला हे पुरं करायचंय. भीती वाटते, तरी करायचंय."

सिद्रामने मान डोलावली. "ऱ्हा मग. वर्ष गेलं तर जाऊ दे. गल्लीला काय सांगायचं ते मी बघतो. पण दुखलं तर दुखलं म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी बॅग विमानतळावर गेली ती माझ्याशिवाय. सिद्रामने स्वतः खिडकीशेजारी खिळा ठोकला आणि मला तिथे टांगलं. निघताना त्याने तबकडीवरून हात फिरवला. बोलला काही नाही. मीसुद्धा पहिल्यांदाच एवढा वेळ गप्प बसलो.

आता इथली सगळी भारतीय पोरं घरी निघाली की बॅग घेऊन माझ्याकडे येतात. उत्कर्षा दर वेळी विचारते, "दीदी, हा बरोबर सांगतो ना?" उन्हाच्या वजनाची गोष्ट मी रोज खिडकीतल्या चिमण्यांना सांगतो. उझबेक चिमण्याच त्या, मान तिरकी करून ऐकतात, पटलं की नाही ते कळू देत नाहीत.

मित्रांनो, आता तुमच्याकडे मागणं. घरातला जुना काटा भंगारात देऊ नका, त्याला वर्षातून एकदा तेल द्या, हे मी माझ्या स्वार्थासाठी सांगतोय. दुसरं माझ्या स्वार्थाचं नाही. तुमचं कुणी लांब राहत असेल आणि दर वेळी मजेत असेल, तर फोन ठेवायची घाई करू नका. जमलं तर जाऊन या. आणि लांब राहणारे तुम्हीच असाल, तर दुखणं लपवून घरच्यांना जपू नका. त्यांची स्प्रिंग तुम्हाला वाटते तेवढी नाजूक नसते.

आईबाप सोलापूरला परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी फोन आला. धम्मप्रियाने तो खिडकीच्या कट्ट्यावर उभा केला. चौकोनात सिद्राम होता, मागे मीनाबाईचा अर्धा खांदा, आणि कुठेतरी कुकरची शिट्टी.

"कशी हायस?" सिद्रामने विचारलं.

तिने तोंड उघडलं. ओठ नेहमीचा शब्द म्हणायला मिटले. मग तशीच थांबली. बाहेर बर्फ पडत होतं.

"बरं नाही वाटत आज बाबा," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यापासून खोली मोठी झालीय. सकाळी जेवलेच नाही."

सिद्रामने फोन जवळ घेतला. इतका जवळ, की पडद्यावर नुसता त्याचा कान दिसायला लागला.

"हां," तो कान म्हणाला. "ऐकतोय मी. सांग."